‘म्यूटेड’ रंग म्हणजे नेमका कोणता रंग? एका इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि वापर

रंगांविषयीचा इंग्रजी मजकूर मराठीत आणताना जे शब्द हमखास अडवतात, त्यांत ‘म्यूटेड’ हा शब्द मी सर्वांत वर ठेवीन. कपडे, भिंती, चित्रे, छायाचित्रे, संकेतस्थळांची मांडणी अशा कोणत्याही विषयावरच्या लेखनात तो भेटतो, वाचताना कळल्यासारखा वाटतो आणि लिहायला बसले की हातातून निसटतो. बहुतेक जण त्याचे भाषांतर ‘फिका’ किंवा ‘फिकट’ असे करून पुढे जातात. या भाषांतराने शब्द तर चुकतोच, पण रंगही बदलून जातो, हे मला एकदा अगदी डोळ्यांसमोर दिसले. कापडाच्या काही नमुन्यांचे वर्णन मराठीत करताना मी ‘म्यूटेड रेड’साठी ‘फिका लाल’ असे लिहिले आणि त्या वर्णनावरून नमुना रंगवणाऱ्याने गुलाबी कापड तयार करून पुढे ठेवले. मूळ रंग उन्हापावसात राहिलेल्या जुन्या विटेचा होता. रंगवणाऱ्याची काहीच चूक नव्हती. मी सांगितलेला रंग त्याने तंतोतंत दिला होता. तेव्हापासून हा शब्द आला की मी ज्या क्रमाने विचार करतो, तोच क्रम येथे पायरीपायरीने मांडत आहे.

पहिली पायरी: शब्दाचा आवाज ऐकणे

‘म्यूट’ हा शब्द लॅटिनमधील ‘म्यूटस’ या शब्दापासून फ्रेंचमार्फत इंग्रजीत आला. ‘म्यूटस’ म्हणजे मुका, न बोलणारा. फोनवरचे किंवा दूरचित्रवाणीच्या रिमोटवरचे ‘म्यूट’चे बटण आवाज पूर्ण बंद करते, आणि तोच अर्थ मनात घर करून बसल्यामुळे ‘म्यूटेड’ रंग म्हणजे रंग जवळजवळ नाहीसा झालेला, असा समज होतो. रंगाच्या संदर्भात मात्र बटणापेक्षा वाद्याचे उदाहरण अधिक उपयोगी पडते. व्हायोलिनच्या घोडीवर एक लहानसा तुकडा बसवतात किंवा ट्रम्पेटच्या कर्ण्यात एक बूच घालतात. त्यालाही इंग्रजीत ‘म्यूट’ असेच म्हणतात. तो बसवल्यावर सूर बदलत नाही. षड्ज षड्जच राहतो, फक्त त्याची धार, त्याचा झणझणीतपणा कमी होतो आणि आवाज आतून, मऊपणे येऊ लागतो. ‘म्यूटेड’ रंगाचे नेमके हेच होते. लाल हा लालच राहतो, निळा निळाच राहतो. त्याचा जोर तेवढा आवरला जातो.

मराठीत आपण आवाजाला ‘दबका’ म्हणतो, प्रकाशाला ‘मंद’ म्हणतो, स्वभावाला ‘मवाळ’ म्हणतो. या तिन्ही शब्दांमध्ये काहीतरी आहे आणि ते आवरून धरले आहे, हा भाव आहे. ‘फिका’ या शब्दात काहीतरी कमी पडले आहे, हा भाव आहे. ‘म्यूटेड’ पहिल्या कुळातला आहे. तो साधारणपणे दोष दाखवणारा शब्द नाही. बहुतेक वेळा तो तटस्थपणे आणि पुष्कळदा कौतुकाने वापरला जातो.

दुसरी पायरी: रंगाला तीन प्रश्न विचारणे

अमेरिकन चित्रकार आणि कलाशिक्षक अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ साली रंग मोजण्याची आणि लिहून ठेवण्याची एक पद्धत मांडली. तिच्यात प्रत्येक रंगाचे तीन गुण स्वतंत्रपणे नोंदवले जातात. पहिला गुण म्हणजे तो कोणत्या जातीचा रंग आहे, लाल की पिवळा की निळा. याला इंग्रजीत ‘ह्यू’ म्हणतात. दुसरा गुण म्हणजे तो काळ्याकडे झुकतो की पांढऱ्याकडे. याला मन्सेल ‘व्हॅल्यू’ म्हणतात. तिसरा गुण म्हणजे तो तितक्याच उजळ अशा करड्या रंगापासून किती दूर आहे, म्हणजेच त्यात रंगाचा जोर किती आहे. याला ‘क्रोमा’ म्हणतात. त्यांच्या पद्धतीत ‘५ आर ४/१४’ असे, म्हणजे जात ‘५ आर’ (लाल), व्हॅल्यू ४ आणि क्रोमा १४ असे लिहिले, तर तो मध्यम गडदपणाचा, अत्यंत जोरदार लाल असतो. त्यातले फक्त शेवटचे १४ काढून तेथे ४ लिहिले, की रंगाची जात तीच राहते, उजळपणाही तोच राहतो आणि तरीही हाती येतो तो ‘म्यूटेड’ लाल. पहिले दोन आकडे तसेच ठेवून तिसरा उतरवणे, ही या शब्दाची मला माहीत असलेली सर्वांत स्वच्छ व्याख्या आहे.

मराठी वाचकासाठी खरी अडचण येथेच दडलेली आहे आणि तिच्यावरचा उपायही. रोजच्या बोलण्यात आपण रंगांसाठी प्रामुख्याने ‘फिकट’ आणि ‘गडद’ ही जोडी वापरतो. ही जोडी दोन वेगळे गुण एकाच दोरीत ओवते. ‘गडद लाल’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात कधी काळपट लाल उभा राहतो, तर कधी भरगच्च, रसरशीत लाल. पण मराठीजवळ दुसरीही एक जोडी आहे: ‘भडक’ आणि ‘सौम्य’. ही जोडी बरीचशी मन्सेल यांच्या तिसऱ्या गुणाबद्दलच बोलते. भडक रंग फिकट असू शकतो, जसा चमकदार पोपटी. सौम्य रंग गडद असू शकतो, जसा पावसाळी ढगांचा निळसर करडा. ‘म्यूटेड’ या शब्दाचे घर ‘फिकट–गडद’ या दोरीवर नाही, ते ‘भडक–सौम्य’ या दोरीवर आहे. एवढे एक वाक्य लक्षात राहिले, तरी निम्म्या चुका टळतात.

तिसरी पायरी: स्वतःच्या हाताने रंग उतरवून पाहणे

हे वाचून पटते, पण डोळ्यांना पटायला हात रंगात घालावा लागतो. जलरंगातला एक शुद्ध लाल घ्यावा आणि कागदावर त्याचे चार ठिपके शेजारीशेजारी काढावेत. पहिला तसाच ठेवावा. दुसऱ्यात भरपूर पाणी मिसळावे. कागदाचा पांढरेपणा आतून दिसू लागतो आणि लाल गुलाबीकडे जातो. हा फिकट लाल. तिसऱ्यात थोडा काळा मिसळावा. रंग जड होतो, ‘मरून’ नावाच्या काळसर तांबड्या रंगाच्या दिशेने जातो. हा काळपट लाल. चौथ्यासाठी लालमध्ये निळसर हिरव्याचा अगदी टोकभर अंश मिसळावा, कारण रंगचक्रात समोरासमोर बसणारे दोन रंग एकमेकांचा जोर मोडतात. हिरव्याचा पहिला थेंब पडला की लालची झळाळी जाते, पण तो लालच दिसतो. दुसऱ्या थेंबाला तो विटेचा होतो. आणखी मिसळत गेले तर तपकिरी आणि शेवटी ना लाल ना हिरवा असा करडा हाती येतो. झळाळी गेल्यापासून तपकिरी सुरू होईपर्यंतचा जो पट्टा आहे, तो ‘म्यूटेड रेड’चा. हिरव्याऐवजी तयार करडा रंग मिसळूनही साधारण येथेच पोहोचता येते. पांढरा मिसळून होतो त्याला इंग्रजीत ‘टिंट’, काळा मिसळून होतो त्याला ‘शेड’ आणि करडा मिसळून होतो त्याला ‘टोन’ म्हणतात. म्हणूनच ‘म्यूटेड टोन्स’ ही जोडगोळी इतक्या वेळा एकत्र दिसते.

संगणकावर हाच प्रयोग आकड्यांनी करता येतो. लाल, हिरवा, निळा या क्रमाने २५५, ०, ० असे आकडे दिले की पूर्ण जोराचा लाल मिळतो. २५५, १५० आणि १५० दिले की फिकट लाल, ९६, ० आणि ० दिले की काळपट लाल, आणि १६०, ९६ आणि ९६ दिले की ‘म्यूटेड’ लाल. हे शेवटचे तीन आकडे एकमेकांच्या जवळ आले आहेत, याकडे लक्ष द्यावे. तिन्ही सारखे झाले की शुद्ध करडा उरतो. रंग निवडण्याच्या खिडकीत एचएसएल (ह्यू, सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा जोर आणि लाइटनेस म्हणजे उजळपणा) ही पद्धत असेल, तर मूळ लालचे ‘सॅच्युरेशन’ १०० टक्के आणि या शेवटच्या लालचे सुमारे २५ टक्के दिसेल, तर ‘लाइटनेस’ दोघांचीही सुमारे ५० टक्केच दिसेल. मात्र एचएसएलच्या सॅच्युरेशनवर डोळे झाकून विसंबू नये. २५५, २४० आणि २४० हा जवळजवळ पांढरा दिसणारा रंग आहे, तरी त्या पद्धतीत त्याचे सॅच्युरेशन १०० टक्के भरते. अतिशय उजळ किंवा अतिशय काळसर रंगांच्या बाबतीत हा आकडा फसवतो. तेथे क्रोमा स्वतंत्रपणे दाखवणारी एलसीएच पद्धत अधिक विश्वासाची आहे.

चौथी पायरी: शेजार आणि उजेड पाहूनच शब्द उच्चारणे

ही पायरी लोक गाळतात, पण वर्णन लिहिणाऱ्यासाठी ती फार महत्त्वाची आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमधील गोबलां या विणकामशाळेच्या रंगविभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांच्याकडे अशी तक्रार आली होती की, निळ्या-जांभळ्या कापडांच्या सावल्यांसाठी वापरलेल्या काळ्या धाग्यात दम नाही. त्यांनी धागे तपासले, तेव्हा काळा रंग उत्तमच होता. शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे तो मरगळलेला दिसत होता. त्यातून त्यांनी शेजारी असलेले रंग एकमेकांचे रूप कसे बदलतात याचा नियम शोधला आणि १८३९ साली तो ग्रंथरूपाने मांडला. आपला विटेचा लाल पूर्ण जोराच्या लालशेजारी ठेवला, तर तो धूळ बसल्यासारखा दिसतो. तोच करड्या पार्श्वभूमीवर ठेवला, तर चांगला तांबडा वाटतो. म्हणून एखादा रंग ‘म्यूटेड’ आहे असे लिहिण्यापूर्वी तो मधल्या करड्यावर किंवा निदान पांढऱ्या कागदावर ठेवून पाहावा. उजेडाचेही तेच. प्रकाश कमी झाला की कोणताही रंग कमी भरीव दिसतो, त्यामुळे संध्याकाळच्या खोलीत पाहिलेल्या रंगाला हा शब्द लावणे म्हणजे रंगाचे नव्हे, तर उजेडाचे वर्णन करणे होय.

पाचवी पायरी: भावंडांमधून नेमका शब्द वेगळा काढणे

इंग्रजीत आवरलेल्या रंगांसाठी शब्दांची मोठी रांग आहे आणि त्यांतला प्रत्येक शब्द स्वतःचा सूर घेऊन येतो. ‘सबड्यूड’ हा ‘म्यूटेड’चा सर्वांत जवळचा भाऊ. रंग आणि प्रकाश या दोहोंसाठी तो चालतो आणि बहुतेक ठिकाणी अदलाबदल केली तरी बिघडत नाही. फरक माणसांच्या बाबतीत पडतो. एखादी व्यक्ती ‘सबड्यूड’ असू शकते, म्हणजे गप्पगप्प, खिन्न. व्यक्तीला ‘म्यूटेड’ म्हणत नाहीत, तिची प्रतिक्रिया ‘म्यूटेड’ असते. ‘डल’ हा शब्द मात्र जपून वापरावा. तो ‘भडक’च्याही उलट आहे आणि ‘चकचकीत’च्याही उलट आहे, त्यामुळे रंगाचा जोर कमी आहे की पृष्ठभागाला चकाकी नाही, हे त्यावरून कळत नाही; शिवाय त्याला कंटाळवाणेपणाचा वास आहे. चकाकी नाही एवढेच सांगायचे असेल, तर ‘मॅट’ हा शब्द आहे आणि मॅट रंग खुशाल भडक असू शकतो.

‘पॅस्टल’ रंग पांढरे मिसळल्यासारखे, उजळ आणि हलके असतात. ‘म्यूटेड’ रंगाला उजळ असण्याची अट नाही, त्यामुळे शेवाळी हिरवा ‘म्यूटेड’ आहे, ‘पॅस्टल’ नाही. ‘फेडेड’ म्हणजे काळाने, उन्हाने किंवा धुण्याने उडालेला, आपला ‘विटका’. त्यात एक घटना आहे. पूर्वी हा रंग वेगळा होता, असे तो शब्द सांगतो. ‘म्यूटेड’ रंग पहिल्या दिवसापासून तसाच असू शकतो. ‘डस्टी’ हा शब्द धुळीची आठवण करून देत असला, तरी ‘डस्टी ब्लू’सारख्या नावांत तो कौतुकाचाच आहे.

‘ड्रॅब’ या शब्दापाशी थोडे थांबायला हवे, कारण त्याचा प्रवास या सगळ्यांत बोलका आहे. फ्रेंचमध्ये ‘द्रा’ म्हणजे कापड. त्यावरून इंग्रजीत ‘ड्रॅब’ म्हणजे आधी न रंगवलेले लोकरी कापड, मग त्या कापडाचा मातकट-तपकिरी रंग, आणि पुढे नीरस, उदासवाणे, मन मरगळून टाकणारे असे काहीही, असा त्याचा अर्थ सरकत गेला. लष्करी गणवेशाच्या ‘ऑलिव्ह ड्रॅब’ या नावात तो अजूनही निव्वळ रंगाचे नाव म्हणून टिकून आहे. इतरत्र तो जवळजवळ नेहमी नापसंती दाखवतो. ऑस्ट्रेलियाने सिगारेटची पाकिटे अनाकर्षक करण्याचा कायदा केला आणि १ डिसेंबर २०१२ पासून तो पूर्णपणे लागू झाला, तेव्हा पाकिटांसाठी पँटोन या रंगांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीतला ४४८ सी हा काळपट, शेवाळी छटेचा तपकिरी रंग ठरवण्यात आला. आधी या रंगाला ‘ऑलिव्ह ग्रीन’ म्हटले जात होते. त्यावर तेथील ऑलिव्ह उत्पादकांच्या संघटनेने आक्षेप घेतला आणि मग त्याचे वर्णन ‘ड्रॅब डार्क ब्राउन’ असे करण्यात आले. रंग तोच, पण एका नावाने झाडाची आठवण येते आणि दुसऱ्याने पाकीट हातात घेऊ नये असे वाटते. समजा, तेथे ‘म्यूटेड ब्राउन’ लिहिले असते, तर त्याच पाकिटाला एक प्रकारची अभिरुची चिकटली असती. म्हणून मी स्वतःसाठी एक साधी परीक्षा ठेवली आहे: हा रंग मुद्दाम, आवडीने निवडला असे सांगायचे असेल तर ‘म्यूटेड’, आणि त्याने मन खट्टू होते असे सांगायचे असेल तर ‘ड्रॅब’. इटालियन चित्रकार जॉर्जो मोरांदी यांनी बाटल्या, वाडगे आणि फुलदाण्यांची कित्येक चित्रे करड्या, मातकट, धुरकट छटांत रंगवली. त्या रंगांना ‘ड्रॅब’ म्हणणारा त्या चित्रांवर अन्याय करील.

तांत्रिक नेमकेपणा हवा असेल, तर मात्र यांपैकी एकही शब्द पुरेसा नाही. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या रंगनामांच्या कोशात सर्व रंगांची २६७ गटांत विभागणी आहे आणि जोराच्या उतरत्या क्रमासाठी ‘व्हिव्हिड’, ‘स्ट्राँग’, ‘मॉडरेट’ आणि ‘ग्रेइश’ अशी विशेषणे आहेत. त्यांत ‘म्यूटेड’ नाही. हा वर्णनाचा शब्द आहे, मापाचा नाही. छपाईच्या किंवा रंगकामाच्या सूचनेत त्याच्या सोबतीला क्रमांक किंवा नमुना द्यावाच.

सहावी पायरी: वाक्यात बसवणे

उच्चार ‘म्यूटिड’च्या जवळ जाणारा, दोन अवयवांचा आहे. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे ‘म्यूट कलर्स’ असे लिहिणे. रंगासाठी ‘म्यूटेड’ हेच रूप रुळलेले आहे. ‘मूट’ हा तर अगदीच वेगळा शब्द आहे आणि त्याचा अर्थ वादग्रस्त किंवा आता अप्रस्तुत झालेला असा होतो. ‘म्यूटेड’ हे विशेषण नामाआधी येते, ‘अ म्यूटेड पॅलेट’, आणि क्रियापदानंतरही येते, ‘द कलर्स आर म्यूटेड’. तुलना करताना ‘मोअर म्यूटेड’ म्हणावे. कपडे किंवा सजावट यांविषयी लिहिताना आधी ‘इन’ हे शब्दयोगी येते: ‘शी ड्रेसेस इन म्यूटेड कलर्स’, म्हणजे ती सौम्य रंगांचे कपडे घालते. क्रियापद म्हणूनही त्याचा उपयोग होतो: करडा रंग लालला ‘म्यूट’ करतो, धुके डोंगरांचे रंग ‘म्यूट’ करते. रंगाच्या नावाआधी तो थेट लागतो, पण ‘म्यूटेड व्हाइट’ किंवा ‘म्यूटेड ब्लॅक’ म्हणण्यात फारसा अर्थ नाही, कारण पांढऱ्यात आणि काळ्यात आवरण्यासारखा जोरच नसतो. पांढऱ्यासाठी ‘ऑफ-व्हाइट’ वापरावे.

रंगाबाहेरचे अर्थ येथे थोडक्यात पुरे. ‘म्यूटेड क्रिटिसिझम’ म्हणजे दबक्या आवाजातली टीका, ‘म्यूटेड रिस्पॉन्स’ म्हणजे बेताचाच प्रतिसाद, आणि अर्थविषयक बातम्यांतली ‘म्यूटेड ग्रोथ’ म्हणजे मंदावलेली वाढ. तिन्ही ठिकाणी मराठी शब्द वेगवेगळा आला, हे लक्षात घ्यावे. रंगाच्या बाबतीतही तसेच होणार आहे.

सातवी पायरी: मराठी शब्द निवडणे

‘म्यूटेड’साठी सर्वत्र चालेल असा एक मराठी शब्द शोधत बसू नये. सर्वसाधारण वर्णनात ‘सौम्य रंग’ सर्वांत सुरक्षित आहे. कपड्यांच्या आणि घरसजावटीच्या लेखनात ‘मवाळ’ किंवा ‘शांत’ हे शब्दही शोभतात आणि भर द्यायचा असेल, तर ‘डोळ्यांत न खुपणारे रंग’ असे सरळ म्हणावे. चित्रांविषयी लिहिताना ‘धूसर छटा’ किंवा ‘राखी झाक असलेला निळा’ असे तपशिलात जाणे चांगले. ‘धुरकट’, ‘मातकट’ हे शब्द नेमक्या छटा दाखवतात. ‘मळकट’ मात्र टाळावा, कारण तो ‘ड्रॅब’च्याही खाली जातो. ‘हिरवट’, ‘तांबूस’, ‘निळसर’ यांचा गोंधळ वारंवार होतो. हे शब्द रंग कोणीकडे झुकतो ते सांगतात, त्याचा जोर किती ते सांगत नाहीत, म्हणून ‘म्यूटेड ग्रीन’ला ‘हिरवट’ म्हणणे बरोबर नाही. ‘मळखाऊ’ हा अस्सल मराठी शब्द मला फार आवडतो. तो रंगाचे रूप सांगत नाही, त्याचा उपयोग सांगतो, आणि करडा, खाकी, तपकिरी असे बरेच आवरलेले रंग त्यात येतात. पण उजळ ‘म्यूटेड’ रंगांवर डाग लगेच दिसतो, त्यामुळे प्रतिशब्द म्हणून तो पुरा पडत नाही.

आता एक वाक्य घेऊन सगळ्या पायऱ्या उतरून पाहू: ‘द रूम वॉज ऑल म्यूटेड ग्रीन्स अँड ओल्ड वुड.’ जुन्या लाकडाशेजारी बसणारा हिरवा पोपटी नसणार, म्हणजे रंगाचा जोर कमी आहे. उजळ की गडद हे वाक्य सांगत नाही, म्हणून ‘फिकट’ही नको आणि ‘गडद’ही नको. खोलीबद्दल लेखकाच्या मनात पसंती आहे, म्हणून ‘मळकट’ आणि ‘उदास’ बाद. ‘ग्रीन्स’ हे अनेकवचन एकाहून अधिक छटा सांगते, ते मराठीत हरवता कामा नये. माझा पहिला मसुदा होता: ‘खोलीत सौम्य हिरव्या छटा आणि जुने लाकूड होते.’ अर्थ आला, पण ‘ऑल’मधला सगळीकडे भरून राहिल्याचा भाव गेला. दुसऱ्यांदा लिहिले ते असे: ‘साऱ्या खोलीभर मवाळ हिरव्या छटा होत्या आणि जुनं लाकूड.’ हे वाक्य मी तसेच ठेवले.